ओक ट्री रोडवरील परवाना

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून सुटलेली गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यातून न्यू जर्सीत शिरते, नेवार्क मागे टाकते आणि तासाभराच्या आत मेट्रोपार्क स्थानकावर येते. तेथून जवळच ओक ट्री रोड आहे. आयसेलिन आणि एडिसन या दोन वस्त्यांमधून जाणारा हा रस्ता साड्या, दागिने, मिठाई आणि किराणा यांच्या दुकानांनी भरलेला आहे. थॉमस एडिसनने १८७९ साली जेथे विजेचा दिवा उजळून दाखविला, ते मेन्लो पार्क येथलेच. १९५४ साली गावाने त्या संशोधकाचेच नाव धारण केले.

या बाजारात सराफाच्या पेढीशेजारी हमखास एक ब्युटी पार्लर दिसते. भुवया कोरणे, मेंदी, वधूचा साजशृंगार, फेशियल अशी कामे तेथे चालतात. हिशेबी नजरेला हा व्यवसाय चटकन पटतो. सुती दोऱ्याचे रीळ, खुर्ची, आरसा आणि सरावलेला हात एवढ्यावर थ्रेडिंग सुरू होते, उधारी नसते आणि गिऱ्हाईक तीन-चार आठवड्यांनी पुन्हा येतेच. मात्र पार्लरच्या भिंतीवर चौकटीत लावलेला एक कागद असतो, तो राज्याचा परवाना. परदेशी जाणाऱ्या मुलीने ब्युटिशियनचे शिक्षण कोठे घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे त्या कागदात आहे.

अमेरिकेत हा परवाना देश देत नाही, राज्य देते. आणि प्रत्येक राज्याचे माप निराळे आहे. न्यू जर्सीत केशरचनेसह संपूर्ण कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्यासाठी १२०० तासांचे शिक्षण लागते, केवळ त्वचेच्या कामासाठी ६०० तास आणि नखांच्या कामासाठी ३०० तास. हडसनपलीकडे न्यूयॉर्क राज्यात हेच आकडे अनुक्रमे १०००, ६०० आणि २५० असे आहेत. पश्चिमेस डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले, तर त्वचेच्या कामासाठी ३०० तास पुरतात. आठवड्याला ३० तास धरले तर ६०० तास म्हणजे वीस आठवडे आणि १२०० तास म्हणजे चाळीस आठवडे. त्या काळात फी द्यावी लागते आणि कमाई थांबलेली असते. म्हणून ज्या गावी राहायचे ते गाव आधी, शाळा नंतर, हा पहिला नियम ठरतो. जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर आणि ओक ट्री रोडवर गिऱ्हाईक एकाच भाषेत बोलत असले, तरी दोन्ही बाजारांचे कायदे वेगळे आहेत.

या तासांच्या हिशेबावरून टेक्सासमध्ये मोठा खटला झाला. थ्रेडिंग करणाऱ्यांनीही ७५० तासांचे शिक्षण घेऊन परवाना काढावा, असा त्या राज्याचा आग्रह होता. त्या अभ्यासक्रमात थ्रेडिंग शिकविण्याचे बंधन मात्र नव्हते. आशिष पटेल आणि अन्य व्यावसायिक न्यायालयात गेले. जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्या ७५० तासांपैकी सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगशी संबंध नाही आणि एवढे ओझे राज्यघटनेला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल टेक्सासपुरताच आहे. न्यू जर्सीत जाणाऱ्या मुलीने त्यावर भिस्त ठेवू नये.

मग मुंबई, पुणे किंवा सांगली येथेच शिकून जाण्यात अर्थ आहे काय? आहे, पण कोणत्या प्रकारचे शिक्षण, हे पाहावे लागते. पंधरा दिवसांच्या वर्गाने हात बसतो, परंतु तेथे मिळणाऱ्या रंगीत प्रमाणपत्रावर तासांची नोंद नसते. परदेशातील शिक्षणाचे किती तास मान्य करावयाचे, हे त्या त्या राज्याची परवाना देणारी यंत्रणा कागद पाहून ठरविते. त्यामुळे विषयवार तास, लेखी व प्रात्यक्षिक यांची विभागणी, प्रवेशाची व समाप्तीची तारीख आणि संस्थेचा शिक्का असलेला इंग्रजी उतारा हाती असणे हीच खरी कमाई होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम या दृष्टीने भक्कम आहे, कारण त्याचा पाठ्यक्रम छापील आहे आणि परीक्षा सरकारी आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या, झुरिक येथे मुख्यालय असलेल्या सिडेस्को या संस्थेची पदविकाही भारतातील काही शाळांतून घेता येते. अनेक देशांत तिला मान आहे. अमेरिकेतील राज्याच्या परवान्याची जागा मात्र ती घेत नाही.

व्हिसाचा विचार तर शाळेच्याही आधी करावा. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या पतीबरोबर एच-फोरवर गेलेल्या पत्नीला शिकता येते, परंतु कामाची स्वतंत्र परवानगी मिळेपर्यंत पगार घेता येत नाही. २०१५ पासून अशी परवानगी काही जणींना मिळू लागली, तीही पतीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यावर पोहोचल्यावरच. अशा स्थितीत घाईने परवाना काढला तर तो भिंतीवर न लागता कपाटात पडून राहतो. याउलट मामाने किंवा काकाने भावाबहिणीच्या नात्याने केलेल्या अर्जावर भारतीय कुटुंबाला दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागते आणि त्या अवधीत २१ वर्षे उलटलेली मुलगी बहुधा अर्जातून गळते. तेव्हा परदेशाच्या भरवशावर तिचे शिक्षण लांबणीवर टाकणे हा तोट्याचाच व्यवहार आहे. तिला येथेच पूर्ण विद्या द्यावी, म्हणजे ती कोठेही राहिली तरी आपल्या पायावर उभी राहील.

इतर देशांची रीत आणखी निराळी आहे. इंग्लंडमध्ये केशकर्तनासाठी सरकारी परवाना सक्तीचा नाही. १९६४ च्या कायद्याने केलेली नोंदणीही ऐच्छिक आहे. तथापि वेम्बलीच्या ईलिंग रोडसारख्या बाजारात बसायचे, तर विमा कंपनी आणि मालक दोघेही पात्रतेचा कागद मागतात. शिवाय लंडनच्या अनेक बरो परिषदा १९९१ च्या कायद्यानुसार मसाजसारख्या उपचारांच्या जागेसाठी परवाना घ्यावयास लावतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात केशरचना हा सक्तीच्या नोंदणीचा व्यवसाय आहे आणि तेथे उमेदवारी करावी लागते. त्वचेच्या कामावर मात्र तशी प्रांतिक सक्ती नाही. टोरंटोला जाणाऱ्या मुलीने म्हणूनच केस की त्वचा, हे विमानात बसण्यापूर्वी ठरवावे.

सारांश असा की, जाण्याचे राज्य निश्चित असेल, कामाची मुभा लगेच मिळणार असेल आणि निघावयास थोडेच महिने उरले असतील, तर येथे थ्रेडिंग, मेंदी आणि वधूशृंगार यांत हात तयार करावा, इंग्रजी बोलणे सुधारावे व परवान्याची शाळा तेथे गाठावी. मुक्काम अनिश्चित असेल, तर येथील पूर्ण वर्षाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करून तासांचा उतारा जपावा. लग्न ठरविताना मुलाची नोकरी, घर आणि पगार विचारले जातात; त्याच बैठकीत, राज्य कोणते, व्हिसा कोणता आणि तिला काम करता येईल काय, हेही विचारावे. ओक ट्री रोडवरच्या त्या चौकटीत पतीचे अथवा सासऱ्यांचे नाव लागत नाही. तेथे तिचे स्वतःचे नाव छापलेले असते, आणि त्या नावावर झालेली कमाई तिची असते.