नांवाचा रकाना

कोष्टकास हृदय नसतें, असा समज आहे. उलव्यास बसून आम्ही स्प्रेडशीटमध्यें, १९१५-१६ सालीं इराकांत कूतच्या वेढ्यांत सांपडलेल्या १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींचे मृत मांडूं लागलों, तेव्हां तो समज टिकला नाहीं. तारखा क्रमानें लावल्या कीं २९ एप्रिल १९१६ ची शरणागति मध्येंच उभी राहते. तिच्या खालचा मृत्यु लढाईंतला कीं बंदिवासांतला, हें ओळीओळीनें पाहावें लागतें. इंग्रजी वर्णलेखन एकसारखें न केल्यास एका गांवाचीं तीन गांवें होतात. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांचीं नांवें नाहींत. पलटणीखालीं निव्वळ आंकडा आहे. बेरीज दगडानें आधींच केली. ती फोडून पुन्हा माणसें करणें, हेंच या कोष्टकाचें काम होय.