पिंपावरची वाकळ

लंडनच्या कडेला हॅरोत आमचं घर आहे. जिन्याखाली एक अरुंद कपाट. जानेवारीत तिथलं तापमान 13-14 अंशांवर उतरतं आणि पिंपातलं यीस्ट हातपाय पोटाशी घेऊन झोपतं. पहिल्या हिवाळ्यात मी पिंपाला दोन जुने स्वेटर घातले. भागलं नाही. मग माळ्यावरची वाकळ काढली. अंबाजोगाई तालुक्यात, लातूरच्या शिवेला लागून असलेल्या आमच्या गावात आईने शिवलेली. आत आजीची दोन लुगडी आहेत. त्या लुगड्यांत 23 लिटर काळी बिअर गुंडाळली तेव्हा पिंपाला ऊब आली, मला मात्र घरात चोरी केल्यासारखं वाटलं.

या काळ्या बिअरचा, स्टाउटचा, किट म्हणजे 1.7 किलोचा एक डबा. बार्लीला मोड आणणं, ती वाळवणं, भाजणं, गरम पाण्यात तिची साखर उतरवणं, हॉप्स घालून कडू करणं आणि ते सगळं आटवून पाकासारखं घट्ट करणं, हे दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं. झाकणाखाली यीस्टची पुडी. आपण डबा गरम पाण्यात बसवायचा, पाक पातळ झाला की पिंपात ओतायचा, तीन लिटर उकळतं पाणी घालून ढवळायचं, थंड पाण्याने 23 लिटरपर्यंत न्यायचं आणि 20 अंशांच्या आसपास आलं की पुडी भुरभुरायची. अर्ध्या तासाचं काम. आपण बिअर 'गाळली' असं सांगताना म्हणूनच माझी जीभ जरा अडखळते.

पण तो पाक डब्यातून उतरताना बघावा. चमच्यावरून तुटत नाही, दोरीसारखा लोंबत राहतो, आणि एकदम चुलत्यांचं गुऱ्हाळ समोर येतं. चरकातून आलेला रस काहिलीत, खाली चुलाणात चिपाडं, वर रानभेंडीच्या चिकाने गोळा होणारी मळी. गुळव्या झाऱ्याने मळी काढत असायचा आणि आम्ही पोरं वाटी घेऊन काठावर. काकवी आधी काढायची, गूळ नंतर. काकवी साधारण 105 अंशांना, गूळ 118 च्या आसपास, हे मी पुढे वाचलं. गुळव्याकडे थर्मामीटर नव्हता. तो गार पाण्यात बोटं बुडवायचा, उकळत्या पाकाचा थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात धरायचा. गोळी वळली की ओरडायचा, आणि चार माणसं काहील वाफ्याकडे ओढायची. क्षणभर उशीर झाला तर ढेप करपट.

डब्यावर लिहिलेलं असतं, एक किलो साखर घाला. घालू नये. यीस्ट साखर पुरती खाऊन टाकतं, मागे अल्कोहोल उरतो आणि बिअर पाणचट होते. मी एक किलो काळसर माल्टची पूड घालतो, आणि अर्धा किलो काकवी. इंग्रज इथे ऊसमळीचं काळं ट्रीकल घालतात. माझी काकवी गावाकडून बॅगेत येते. एकदा बाटली फुटून दोन शर्ट आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा अंगारा एकत्र नांदले. काकवीतली साखरही यीस्ट खातंच, पण शेवटच्या घोटात एक मातकट, खारट गोडी राहते. भाजक्या बार्लीच्या कडवटपणाशेजारी ती बरी बसते. हा कडवटपणा आपल्याला परका नाही: तव्यावर जरा जास्त राहिलेल्या ज्वारीच्या भाकरीचा काळा डाग चावून बघा.

बार्ली अशी कोळशासारखी भाजायचं यंत्र डॅनियल व्हीलर याने 1817 मध्ये पेटंट केलं. त्याआधीची पोर्टर ही बिअर तपकिरी असे. लंडन-डब्लिनला काळी बिअर रुजली त्यात पाण्याचाही हात होता. इथलं पाणी जड, आमच्या बोअरसारखं, किटलीत पांढरा थर धरणारं. भाजक्या बार्लीची आंबटाई आणि पाण्यातला चुना एकमेकांना सांभाळून घेतात. किटमध्ये हा हिशोब आधीच मिटलेला असतो, त्यामुळे नळाचं श्रेय मला घेता येत नाही. नळातलं क्लोरीन मात्र माझ्याच डोक्यावर. ते राहिलं तर बिअरला दवाखान्याचा वास येतो. त्यासाठी कॅम्पडेनची अर्धी गोळी आदल्या रात्री.

बाकी सगळी मेहनत धुण्याची. पिंप, झाकण, चमचा, नळी, कात्रीसुद्धा. इथे मला हटकून येळवस आठवते. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला शेतात नेण्यासाठी आई ज्वारीचं पीठ ताकात आंबवायची. तिची आंबील तिला हव्या त्या जिवाणूंनी आंबट व्हायची. ते ताकातून यायचे, तिच्या मडक्यातून यायचे. मी त्याच भावकीला पिंपाबाहेर ठेवायला तासभर हात घासतो, कारण स्टाउट आंबट झाली की मोरीत. एक सूचना मात्र दोन्हीकडे सारखी. ती म्हणायची, "सारखं सारखं उघडून बघू नकू."

मी बघितलं, आणि नडलं. दुसऱ्या खेपेला सातव्या दिवशी झाकणावरच्या पाण्यातले बुडबुडे थांबले, म्हणून मी बाटल्या भरल्या. यीस्ट थंडीने नुसतं पेंगलं होतं. मार्चमध्ये घर तापलं तशी ते जागं झालं आणि रात्री दोनला कपाटात पहिली बाटली फुटली. पाठोपाठ तीन. छतावरचा डाग अजून आहे. आता बुडबुड्यांवर विश्वास नाही. हायड्रोमीटर सोडतो. सुरुवातीला घनता 1.045, पुढे तीन दिवस लागोपाठ 1.013 दिसलं तरच बाटल्या, अर्ध्या लिटरला अर्धा चमचा साखर. वजाबाकीला 131 ने गुणलं की अल्कोहोल निघतो, सव्वाचार टक्क्यांच्या आत. गुळव्याची बोटं माझ्याकडे नाहीत.

अंबाजोगाईला कॉलेजात संख्याशास्त्रात 'स्टुडंट'ची टी-चाचणी पाठ केली होती. हा स्टुडंट म्हणजे डब्लिनच्या गिनेस कंपनीतला विल्यम गॉसेट. थोड्याशा नमुन्यांवरून कितपत बोलता येतं, हा त्याच्या कारखान्यातलाच प्रश्न. नावानिशी छापायला कंपनीची परवानगी नव्हती म्हणून 1908 मध्ये त्याने टोपणनाव घेतलं. परीक्षेत मला त्यात काठावर गुण होते.

ही बिअर मी गावी केली असती तर गुन्हा ठरला असता. 1949 चा दारूबंदी कायदा घरी दारू बनवू देत नाही. इंग्लंडमध्येही 1963 पर्यंत घरच्या बिअरला परवाना लागायचा. आता विकली नाही म्हणजे झालं. कायद्याचं मला फार वाईट वाटत नाही. काळा गूळ आणि नवसागर म्हटलं की आमच्याकडे गुऱ्हाळ नाही, हातभट्टी आठवते. कोयता घेऊन कारखान्याला गेलेल्या जोडप्याची उचल फिटायच्या आत पुन्हा भट्टीवर गेलेली मी पाहिली आहे. ज्याच्या घरात हे झालं त्याला माझ्या कपाटातल्या 40 बाटल्यांचं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही.

आईला तरी कुठे सांगितलं होतं. परवा व्हिडिओ कॉलवर कपाटाचं दार उघडं राहिलं.

"ती वाकळ कशावर घातलीस रं?"

सांगितलं. काकवी घातल्याचंही सांगितलं, उगाच, वजन कमी व्हावं म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मागे गावातलं कुत्रं भुंकत होतं.

"दारूच की मग ती," ती म्हणाली. "वाकळ तेवढी धुऊन ठेव."