मढाभोवती फिरणारा कॅमेरा

अरुण खोपकरांविषयी पहिल्यांदा एकत्र वाचलं, तेव्हा हे सगळं एकाच माणसाचं काम आहे हे मनाला पटेना. मणी कौल यांच्या ‘आषाढ का एक दिन’मधला कालिदास तेच. गुरुदत्तवर मराठीत पुस्तक लिहिणारे तेच आणि ‘चलत्-चित्रव्यूह’साठी २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले लेखकही तेच. त्यांचे चित्रपट तर मला आणखीच चक्रावून टाकणारे. जहांगीर साबावालांच्या चित्रांवर ‘कलर्स ऑफ ॲब्सेन्स’, भरतनाट्यमवर ‘संचारी’, कवी नारायण सुर्व्यांवर एक, आणि चार्ल्स कोरियांच्या वास्तुकलेवर २००८ चा ‘व्हॉल्यूम झीरो’.

यातल्या शेवटच्या नावाशी मी अडलो. नाचणाऱ्या बाईचा चित्रपट होईल, कवीचा होईल. पण इमारत तर जागची हलत नाही, मग तिचा चित्रपट करतात म्हणजे नेमकं काय करतात?

मी भोकरदन तालुक्यात शिवणकाम करतो. चित्रीकरण शिकायचं मनात होतं, हाताशी फोन होता आणि जवळ अन्वा गावचा मढ होता. बाराव्या शतकाच्या सुमारास बांधलेलं हे देऊळ. नक्षीने भरलेले खांब, बाहेरच्या अंगाला स्त्रीमूर्ती. समोर उभा राहिलो आणि काहीच सुचेना. सगळा मढ चौकटीत घ्यावा तर नक्षी पुसट होते. एका मूर्तीजवळ जावं तर देऊळच दिसेनासं होतं. मंडपात फोन अंधाराशी जुळवून घेतो, की बाहेरचं ऊन पांढरंफटक पडतं. उन्हाशी जुळवावं तर खांब काळे. कुठला प्रकाश ठेवायचा आणि कुठला सोडायचा हे आपणच ठरवायचं असतं, एवढं त्या दुपारी कळलं. ठरवायचं कशावरून, ते मात्र कळेना.

ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशी बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. “काहून एकाच जागी उभा राहिलास लेकरा? फेरी तरी घाल.”

फोन छातीशी धरून मी चालायला लागलो. भिंत सरळ नव्हती; पुढे येत होती, मागे सरत होती, आणि प्रत्येक कोन ओलांडला की आतापर्यंत लपलेली मूर्ती बाजूने दिसायला लागायची. आधी कोपर, मग खांदा, मग चेहरा. मी वेग कमी केला की ती रेंगाळायची, वाढवला की पुढची लगेच तिची जागा घ्यायची. ज्याने ही भिंत आखली त्याने माणूस उजवीकडून चालत येणार हे धरलेलंच असणार, असं मला आजही ठामपणे वाटतं.

पुढे वाचनात आलं की रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी अथेन्सच्या ॲक्रॉपोलिसबद्दल हेच लिहून ठेवलंय. टेकडीवर चालत जाणाऱ्याला एकामागून एक दृश्यं दिसत जातात, ती जोडणी चित्रपटासारखी आहे, असं त्यांचं म्हणणं. वडील वास्तुकार आणि स्वतः स्थापत्याचं शिक्षण अर्धवट सोडलेले. त्यांना हे दिसणं साहजिक होतं. खोपकरांनी आयझेनस्टाइनचा खोल अभ्यास केलेला. त्यांचं ‘प्राक्-सिनेमा’ हे पुस्तकही कॅमेरा जन्मण्याआधीच्या कलांमध्ये सिनेमा शोधतं. देऊळ, नाच, चित्र यांच्यामध्ये मी ज्या भिंती धरून बसलो होतो, त्या त्यांना का अडवत नाहीत हे तेव्हा थोडं उमगलं.

माझं लक्ष मात्र कपड्याकडेच जातं. दगडातल्या त्या बायकांच्या अंगावर शिवलेलं असं काहीच दिसत नाही. वस्त्र म्हणजे मांडीवरून गेलेली एक बारीक रेघ, कमरेला पट्ट्यांचे पदर, खाली सोडलेलं टोक. कातरी-शिलाईशिवाय, केवळ घडी आणि गाठीवर बेतलेला पेहराव. याच भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, १९७३ च्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला. तिची जवळची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेतून १९३८ मध्ये निघाली होती. इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाआधीच आपल्याकडची घडण समुद्रापार जाऊन पोचली होती. कमरपट्टा कसा बसावा, पैंजण किती वर चढवावेत, हा विचार या मातीत इतका जुना आहे हे कळल्यावर माझ्या मशीनकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

म्हणून आता मला मूर्तीचं वस्त्र आणि चालत्या बाईचं लुगडं एकाच फेरीत घ्यायचंय. दगडातली चुणी प्रकाश सरकला तरच बदलते. लुगड्याची प्रत्येक पावलाला. सकाळी ऊन तिरपं असताना दोन्ही शेजारी दिसली, तर काय होईल ते मला बघायचंय. मावशींना विचारलं. त्या तयार आहेत, पण कासोटा आपल्या पद्धतीनेच घालणार, आणि चित्रीकरण कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आत उरकायचं, अशी त्यांची अट आहे.