नवऱ्याची पे-स्लिप

आमचं लग्न जमताना काय काय पाहिलं गेलं म्हणून सांगू! पत्रिका पाहिली, गुण मोजले, मुलाच्या मावशीच्या सोसायटीतून चौकशी झाली. मुलाचा पगारसुद्धा विचारला गेला, पण तो विचारला माझ्या काकांनी आणि उत्तर दिलं त्याच्या बाबांनी. 'चांगला आहे' हे ते उत्तर. दोन्ही बाजूंनी माना डोलल्या, पोहे संपले.

मग जानेवारी 2024 मध्ये लग्न झालं आणि आम्हा दोघांचा हिशेब मांडायची जबाबदारी चक्क अमेरिकन सरकारने घेतली.

आधी थोडी बॅकग्राउंड. माझा नवरा पक्का नाशिककर. गंगापूर रोडवर वाढलेला, मिसळीवर भांडू शकणारा. पण जन्म कोलंबस, ओहायोचा. सासरे तिथे एमएस करत होते तेव्हा हा झाला आणि तीन वर्षांचा असताना सगळे परत आले. जाताना दोघं, येताना तिघं आणि तिसऱ्याचा पासपोर्ट निळा. मोठा झाल्यावर त्याच पासपोर्टवर तो शिकायला परत कोलंबसलाच गेला आणि तिथेच नोकरीला लागला. म्हणजे मी 'अमेरिकन सिटिझनची बायको'. या कॅटेगरीला ग्रीन कार्डवाल्यांसारखी कोट्याची रांग नाही, व्हिसाला वार्षिक मर्यादा नाही. हे ऐकून माझ्या मैत्रिणींनी मला एअरपोर्टवर सोडायला कोण कोण येणार, हेही ठरवून टाकलं होतं.

रांग नाही म्हणजे वेळ लागत नाही, असा मात्र अर्थ नसतो. मे 2024 मध्ये त्याने आय-130 नावाचा अर्ज ऑनलाइन भरला. फी 625 डॉलर. तेव्हाच्या दराने 52 हजार रुपयांच्या आसपास! त्यानंतर वर्षभर काही नाही. मी डोंबिवलीला आईकडे, तो कोलंबसला, आणि मध्ये साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक. त्याची सकाळ ती माझी संध्याकाळ. जून 2025 मध्ये अर्ज मंजूर झाला आणि आमची फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे गेली.

इथून खरा पैशांचा खेळ सुरू होतो. पहिल्यांदा दोन फिया. व्हिसा अर्जाचे 325 डॉलर आणि 'ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट' तपासण्याचे 120. एकूण 445. मी उत्साहाने म्हटलं, हे मी भरते. निदान एवढं तरी! तर ते पोर्टल फक्त अमेरिकन बँकेतलं खातंच घेतं. क्रेडिट कार्ड नाही, डेबिट कार्ड नाही. माझं डोंबिवलीच्या शाखेतलं सेव्हिंग्ज अकाउंट त्यांच्या खिजगणतीतही नाही. मग त्यानेच भरले. 'इन प्रोसेस'चं 'पेड' व्हायला काही दिवस गेले आणि ते दिवस मी ते पान रोज क्रिकेटचा स्कोअर पाहावा तसं पाहत होते.

मग आला तो फॉर्म. आय-864.

हा फॉर्म म्हणजे साधं हमीपत्र नाही बरं का. नवऱ्याने अमेरिकन सरकारशी केलेला करार आहे. ही बाई इथे आली तर तिला गरिबीरेषेच्या 125 टक्क्यांखाली जाऊ देणार नाही, तिने सरकारी मदत घेतली तर ती मी भरून देईन, असा. त्यातून सुटका कधी? मी सिटिझन झाले तर, माझ्या नावावर कामाच्या 40 तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं जमली तर, मी अमेरिका कायमची सोडली तर, नाहीतर दोघांपैकी एकाने जगच सोडलं तर. घटस्फोट झाला तरी हा करार संपत नाही! सप्तपदीत सात वचनं आहेत, पण इतकं मजबूत कलम एकातही नाही.

सगळ्यात गंमत माझी. गेली पाच वर्षं मी स्वतःचं पोट स्वतः भरते. मास कॉमची डिग्री, तीन वर्षं एका चॅनेलच्या डेस्कवर, मग फ्रीलान्स. गेल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये माझं उत्पन्न 4 लाख 80 हजार. त्यासाठी मी किती संपादकांना 'सर, पेमेंटचं काय झालं?' असे मेसेज पाठवले असतील, ते माझं मला माहीत. तेव्हाच्या 86 च्या दराने त्याचे झाले साडेपाच हजार डॉलर. आणि फॉर्मच्या सूचना सांगतात की येणाऱ्या माणसाचं उत्पन्न धरायचं ते अमेरिकेत गेल्यावरही त्याच ठिकाणाहून चालू राहणार असेल तरच. मी एका संपादकांना विचारलं, असं लिहून द्याल का? ते इतके मोकळेपणाने हसले की मीही हसले. तर माझी किंमत त्या फॉर्मवर शून्य. म्हटलं ठीक आहे, नवऱ्याचा पगार आहे की. दोघांच्या कुटुंबाला 2025 च्या तक्त्याप्रमाणे लागतात वर्षाला 26,437 डॉलर. तो त्याच्या कितीतरी वर होता. मागच्या वर्षीचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट त्यांच्या आयआरएसकडून फुकट मिळतं, ते त्याने लगेच पाठवलं. नोकरीचं पत्र आणि अलीकडच्या पे-स्लिपा तेवढ्या बाकी होत्या.

पे-स्लिपा काही येईनात.

'पाठवतो गं.' 'उद्या नक्की.' 'ऑफिसचं पोर्टल डाउन आहे.' पत्रकार आहे मी. पोर्टल आठवडाभर डाउन असतं हे मी एखाद्या महापालिकेच्या बाबतीत मान्य केलं असतं. शेवटी एका रात्री मी म्हटलं, जी असेल ती शेवटची स्लिप पाठव. पीडीएफ आली. तारीख सहा आठवड्यांपूर्वीची. त्यात नेहमीच्या पगाराखाली एक जादा ओळ होती, सेव्हरन्स.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग व्हिडिओ कॉल लावला. तो किचनमध्ये उभा होता. मागे सिंकमध्ये दोन कप. म्हणाला, "मी सांगणारच होतो. दुसरी नोकरी लागली की सांगणार होतो."

सहा आठवडे हा माणूस रोज सकाळी मला 'चल, मीटिंग आहे' म्हणून फोन ठेवत होता.

त्या रात्री आम्ही जे भांडलो ते इथे छापण्यासारखं नाही. मला नोकरी गेल्याचा राग नव्हता, नोकऱ्या जातात, माझीही गेली आहे. राग होता तो मला पाहुणी केल्याचा. घरात भांडण झालं की पाहुण्यांसमोर हसायचं असतं, तसा तो माझ्यासमोर हसत होता. आणि खरं सांगायचं तर मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. माझे दोन चेक चार महिने अडकले होते आणि मी आईकडून उसने घेत होते, हे मी त्याला कुठे सांगितलं होतं? ते मी त्या रात्रीच सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आपण दोघंही थोर आहोत."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक एक्सेल शीट उघडली. लाल रंगात त्याचं क्रेडिट कार्डचं देणं, निळ्यात माझे अडकलेले चेक. लग्नाला दीड वर्ष होऊन गेल्यावर कळलं की माझा नवरा महिन्याला किती भाडं देतो! रोमान्स म्हणाल तर तो त्या शीटमध्ये होता. पण तो मुद्दा वेगळा.

ऑगस्टपासून त्याला एका कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइम शिकवायचं काम मिळालं. वर्षाचे साधारण 19 हजार डॉलर. आणि त्यांच्या लेखी महत्त्व आत्ताच्या उत्पन्नाला असतं, गेल्या वर्षीच्या थाटाला नाही. म्हणजे कमी पडत होते 7,437. ही तूट मालमत्ता दाखवूनही भरता येते, पण सिटिझनच्या नवरा-बायकोच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट. 22,311 डॉलर. रुपयांत 19 लाखांच्या वर. नवऱ्याची बचत तर भाड्यात विरघळत चालली होती.

मी हे आकडे आईसमोर मोठ्याने बोलले, ही माझी चूक. आई रात्री काही बोलली नाही. सकाळी चहाच्या वेळी टेबलावर प्लास्टिकची पिशवी आणि त्यात एफडीच्या पावत्या. बाबा 2019 मध्ये गेले, त्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे. "तुझ्या नावावर करून टाकू. दाखवायचेच आहेत ना? परत येतीलच की." तिने रिक्षासुद्धा सांगून ठेवली होती, अकरा वाजता बँकेत जायला.

मला माहीत होतं की हे कायद्यात बसतं. आईच्या नावावरचे पैसे चालत नाहीत, पण तिने मला खरोखर देऊन टाकले तर ते माझे, आणि व्हिसा मागणाऱ्याची मालमत्ता धरतात. पण 'दाखवायला' देणं आणि देऊन टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या खिडकीत मी हात वर करून शपथ घेणार होते. शिवाय त्या व्याजावर आईचा गॅस, औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स चालतो. मी पावत्या परत पिशवीत घातल्या. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. रिक्षावाल्याला मात्र तिने यायला लावलंच आणि भाजी आणायला गेली.

राहिला तिसरा रस्ता, जॉइंट स्पॉन्सर. तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा, अठरा वर्षांवरचा हवा आणि राहणारा तिथलाच हवा. म्हणून सासऱ्यांना इच्छा असूनही उपयोग नव्हता. नवऱ्याला स्वतःचा आय-864 भरावाच लागतो, त्याच्या जोडीला हा दुसरा. सासऱ्यांचे एमएसचे रूममेट न्यू जर्सीत एडिसनला असतात. सासऱ्यांनी त्यांना फोन करायला चार दिवस घेतले. तीस वर्षांच्या मैत्रीत ते कधी काही मागायला गेले नव्हते, हे सासूबाईंनी मला नंतर सांगितलं.

काकांनी फॉर्म पूर्ण वाचला. सहीच्या जागी बाण लावून पाठवला की सही करणाऱ्यांपैकी ते नाहीत. मग मला फोन केला. "अगं, यात लिहिलंय की तुमचा डिव्होर्स झाला तरी मी अडकलेलोच! तेव्हा भांडा, पण जरा बेतानं." आम्ही दोघंही हसलो. मग काकूंनी फोन घेतला. त्या हसल्या नाहीत. "राग मानू नकोस हं. पण तू इथे येऊन करणार काय? मराठी पत्रकारिता?"

हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा. मी म्हटलं, "काकू, खरंच माहीत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत काहीतरी पगाराचं काम धरीन. दुकानातलं असलं तरी." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी लायब्ररीत पुस्तकं लावायचे सुरुवातीला. ये."

आठवड्याभरात त्यांचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, पासपोर्टची कॉपी आणि सही केलेला फॉर्म आला. सोबत काकांची एक ओळ होती. आमचं उत्पन्न आमच्या मुलांनाही माहीत नाही, तेव्हा फाइल जपून ठेव. मी ते ट्रान्सक्रिप्ट अपलोड करताना आकड्यावर हात ठेवला होता, असं सांगितलं तर खोटं वाटेल.

बाकीच्या कागदांचं फार सांगत नाही. जन्मदाखल्यावर माझं नाव होतं, हे नशीब. पोलीस क्लिअरन्सचे पासपोर्ट सेवा केंद्रात 500 रुपये भरले. या सगळ्या प्रकरणात रुपयांत विचार करता आला अशी ती एकमेव फी. मेडिकलमध्ये लशी टोचल्या आणि दोन्ही दंड दोन दिवस दुखले.

डिसेंबर 2025 मध्ये बीकेसीला मुलाखत झाली. आमच्या आधीच्या पिढीला अमेरिकन कॉन्सुलेट म्हणजे ब्रीच कँडी. 2011 मध्ये ते बीकेसीत आलं. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे हातात फक्त फाइल आणि डोक्यात 26,437 हा आकडा. शपथ झाली. ऑफिसर बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, हे न्यू जर्सीचे गृहस्थ तुमचे कोण? मी म्हटलं, सासऱ्यांचे रूममेट. त्यांनी मान वर करून पाहिलं. "स्टिल फ्रेंड्स?" मी म्हटलं, "मोर दॅन बिफोर." पाच मिनिटांत काम झालं. वर्षभराच्या उशिराचा एक फायदाही झाला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिथे पाऊल ठेवलं असतं तर दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड मिळालं असतं. आता तारीख उलटल्यावर जायचं ठरवलंय, म्हणजे दहा वर्षांचं.

व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आल्यावर शेवटची एक फी असते, ग्रीन कार्ड छापायची. 235 डॉलर. ही मात्र कार्डाने भरता येते, कुठल्याही देशातून. नवरा म्हणाला, भरून टाकतो. मी म्हटलं, हात लावू नकोस. त्या अडकलेल्या चेकांपैकी एक नुकताच आला होता. मी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन डेबिट कार्डाचं इंटरनॅशनल सुरू केलं, सोळा आकडे टाकले, ओटीपी टाकला. बँकेचे वरचे चार्जेस धरून वीस हजारांच्या वर गेले. माझ्या तीन लेखांचं मानधन.

एक्सेल शीट अजून चालू आहे. दर महिन्याच्या शेवटी कॉलेजची पे-स्लिप व्हॉट्सॲपवर येते, न मागता. परवा आली तेव्हा मी एका संपादकांना पेमेंटचा चौथा रिमाइंडर लिहीत होते. त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि त्याला पाठवला.