माझी अविस्मरणीय बोटसफर

मित्रांनो, सहल म्हटलं की आपल्याला लांबची गावं आठवतात. पण आज मी तुम्हाला आमच्या घराजवळच्याच एका बेटावर नेणार आहे.

आम्ही ट्रॉम्बेला राहतो. घारापुरी हे माझ्या आजीचं माहेर. लग्न होऊन ती होडीनेच इकडे आली. आजोबांची होडी होती तोवर खाडीतून माहेर जवळ होतं. आजोबा गेले, होडी विकली आणि जाणं थांबलं. गेल्या हिवाळ्यात आजीचे गुडघे फारच दुखू लागले. ती म्हणाली, "एकदा घर बघून येऊ दे. मग पाय चालोत न चालोत."

मग काय, निघालो! बसने मानखुर्द, लोकलने सीएसएमटी आणि गेटवेहून लाँच. सुमारे तासाभराचा प्रवास. सीगल पक्षी लाँचच्या मागे मागे उडत होते. सगळे फोटो काढत होते, आजी मात्र पुढे डोंगराकडे बघत बसली होती.

बेटावर उतरल्यावर छोटी झुकझुक गाडी पायथ्यापर्यंत नेते. पुढे शंभराहून जास्त पायऱ्या. डोलीवाले विचारायला आले. आजी म्हणाली, "माहेरच्या पायऱ्या गो बाय! डोलीत कशाला बसू?" दर दहा पायऱ्यांना थांबत ती चढली.

आणि मग लेणी! साधारण सहाव्या शतकात अखंड कातळात कोरलेली. आतल्या अंधारात तीन मुखांचा, सुमारे 20 फूट उंच सदाशिव समोर येतो, तेव्हा आपोआप आवाज खाली येतो. नटराजाचे हात मात्र तुटलेले आहेत. पोर्तुगीजांना इथे दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेपाशी आहे. 1987 पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत.

नंतर आम्ही आजीच्या वाडीत, शेतबंदरला गेलो. मामाआजोबा गेल्यापासून घराला कुलूप आहे. आजी ओट्यावर बसली. शेजारणीने पाणी आणलं. आजीने कुलपाला नुसता हात लावला आणि मग वरच्या विजेच्या तारेकडे बघून म्हणाली, "आमच्या वेळी इथे चिमणी होती."

तुम्हाला माहीत आहे का? देशातला पहिला अणुभट्टीचा प्रयोग, 'अप्सरा', आमच्या ट्रॉम्बेत 1956 साली सुरू झाला. आणि खाडीपलीकडच्या या बेटावर वीज आली ती 2018 साली, समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलमधून! तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, बस्स. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. आजीच्या ओट्यावर कळलं, म्हणून लक्षात राहिलं.

परतीच्या लाँचमध्ये अंधार पडू लागला होता. मागे बेटावर एकेक दिवा लागत होता. आजी बोटाने दाखवत मोजत होती, तिचं घर सोडून.

मित्रांनो, तुम्हीही घारापुरीला जरूर जा, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि जमलं तर घरातल्या एखाद्या आजी-आजोबांना सोबत न्या. त्यांचे गुडघे थकायच्या आत.