काळ्या स्पंजाचं विरजण

आमच्या घरात एक काळपट, बुळबुळीत स्पंज आहे. तो नळाखाली धरायची कुणालाही परवानगी नाही.

२०१३चा उन्हाळा. मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या होत्या, जालन्यात जिकडेतिकडे टँकर. आणि एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर बसणारा मी घरी दोन फुटी काचेच्या टाकीत चार गोल्डफिश पाळून होतो. बायको म्हणायची, "माणसांना नाही अन् माशांना पाणी!" मी गप्प बसायचो. त्यात मासे मरायला लागले. दर रविवारी मी खडी घासायचो, टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, भपकारा येणाऱ्या टँकरच्या पाण्यात फिल्टरचा स्पंज पांढरा होईस्तोवर पिळायचो आणि टाकी बोअरच्या पाण्यानं भरायचो. पाणी आरशासारखं नितळ. बुधवारी एक मासा उलटा.

मिलच्या लॅबमध्ये कूलिंगच्या पाण्याचा जडपणा तपासणारे एक काका होते. लालसर पाणी निळं होईपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत बसायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलायचं नाही. मी टाकीतलं पाणी भरून नेलेली बाटली त्यांनी उजेडात धरलीसुद्धा नाही. परीक्षानळीत नेसलरचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, हळद कालवल्यासारखं.

"अमोनिया आहे. माशांचीच घाण. धुतोस काय काय?"

सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला.

"अरे, स्पंजात जिवाणू राहतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं त्या मानानं सौम्य. तू दर रविवारी दोघांना बेघर करतोस."

मग पीएच पाहिला, आठच्या वर. सातच्या पाण्यात अमोनियाचा विषारी भाग शेकडा एकसुद्धा नसतो. पीएच एकानं चढला की तो जवळजवळ दहापट होतो. आपल्या बोअरचं जड पाणी माशांना का भोवतं, ते तेव्हा कळलं. तोवर मी मासे विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या घालत होतो.

काकांच्या घरीही टाकी होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. डब्यात, त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, त्यांनी अर्धा कापलेला काळा स्पंज आणला. "विरजण आहे. वाळू देऊ नकोस. आणि मासे मोजून खायला घाल." एरवी ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. माझा उरलेला एकुलता मासा तगला.

पुढच्या खेपेला मी फुशारकीनं विचारलं, "काका, निम्मं पाणी बदललं तरी नायट्रेट उतरत का नाही?" त्यांनी नुसतं बोअरचं पाणी मागवलं. त्याचाच आकडा पंचेचाळीसच्या वर निघाला. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आमचं घर शेताच्या कडेला, वर्षानुवर्षांचा युरिया खाली मुरलेला. काकांनी मान वर केली.

"पोरगी किती महिन्यांची?"

"चार. पण दुधाची पावडर उकळलेल्या पाण्यातच कालवतो आम्ही."

"उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, ते वाढतं. आजपासून बंद."

तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू नेण्याची ताकद हे पाणी कशी हिरावतं, ते त्यांनी पुढे दोन वाक्यांत सांगितलं. मी काटा सोडून, हाफ-डे टाकून, आरओच्या पाण्याचा जार घेऊनच घरी गेलो.

काका निवृत्त होऊन गावी गेले. निरोपाला मी पेढे नेले, त्यांनी त्यातला एक खाल्ला आणि विचारलं, "स्पंज कशात धुतोस?"

"टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत."

"हं."

मुलगी आता सातवीत आहे. बादलीतलं ते गढूळ पाणी ती मोगऱ्याला घालते. परवा काट्यावरच्या नव्या पोराचे मासे मरायला लागले, तेव्हा तिनं कात्री आणली आणि जास्त काळी बाजू त्याच्या डब्यात टाकली.