पाण्यात गेलेली तारीख

१९९१ साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे टपाल तिकीट निघाले. मुंबईत कामाला असलेल्या वडिलांनी ते मुद्दाम लावून गावी पत्र पाठवले. आम्ही तेव्हा शाळेत होतो, तिकिटांचा नवाच नाद लागलेला. पाकीट पाण्यात भिजवले, तिकीट अलगद सोडवले आणि पाकीट चुलीत घातले. अर्धा शिक्का तिकिटावर राहिला. गाव, तारीख आणि वडिलांचे अक्षर जळून गेले.

पुढे कळले, की एका दिवसाच्या कामापुरते छापलेले कागदही जपणारे लोक आहेत. इंग्रजीत त्याला ‘इफेमेरा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एक दिवस टिकणारे. लंडनमध्ये १९७५ साली त्यासाठी संस्थाही निघाली. रजिस्टरची पावती, तिकिटाची माहितीपत्रिका, २०१३ साली बंद झालेली तार, हे सारे त्यात येते. सुटे तिकीट दर सांगते; पाकीट मात्र कोणी, कोणाला, कुठून, केव्हा लिहिले ते सांगते.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत मनिऑर्डरची कुपने सापडली. पैसे देताना पोस्टमन ती फाडून देई. एकावर वडिलांचे अक्षर होते, ‘पोराची फी आधी भर.’ आईला वाचता येत नव्हते, तरी तिने एकही कुपन फेकले नव्हते. आम्ही बी.कॉम. झालो, आल्बम भरले. पण खरा संग्रह तिचाच!

बंधू-भगिनींनो, रद्दी देण्यापूर्वी घरातली जुनी पाकिटे एकदा उलटून पाहा.